आठ हजारांत घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्डिंग: सिडकोतल्या एका खोलीतला अनुभव

आमचं घर नाशिकच्या सिडकोत, पवननगरच्या बाजूला. रो-हाउस असल्यामुळे दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक आहेत. एका भिंतीपलीकडे काकू संध्याकाळी पोथी वाचतात, दुसऱ्या भिंतीपलीकडे दहावीचा मुलगा अभ्यास करतो. अशा घरात अ‍ॅम्प मोठा करून वाजवता येत नाही. मी अंबड एमआयडीसीत पॅनेल वायरिंगचं काम करतो. सातची पाळी असते, साडेतीनला सुटतो. चार ते सात हा वेळ माझा. गेली सहा वर्षं वरच्या दहा बाय दहाच्या खोलीत मी याच वेळात गिटार रेकॉर्ड करतोय.

कामावरची आणि गल्लीतली पोरं मला एकच गोष्ट विचारतात: ‘दादा, सॉफ्टवेअर कुठलं टाकू?’ सॉफ्टवेअरचं मी सांगणारच आहे, पण ते बरंच नंतर येतं. हातात पैसे कमी असतील तर ते आधी तारा, केबल, जॅक आणि अर्थिंग यांवर घाला. संगणकातलं बरंचसं फुकट मिळतं. तारेतून मात्र जे आलंच नाही, ते कुठल्याही प्लगइनने, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामने, परत आणता येत नाही.

माझा खर्च सांगतो, म्हणजे अंदाज येईल. गिटार आधीच होती, कॉलेज रोडला राहणाऱ्या एका मुलाकडून सात हजारांना घेतलेली, स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) घाटाची, तीन सिंगल कॉइल पिकअपची. पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून तिचा विजेचा सिग्नल बनवणारी गुंडाळी. लॅपटॉप बहिणीचा जुना, ८ जीबी रॅमचा. वापरलेला स्कार्लेट सोलो इंटरफेस (गिटारचा सिग्नल संगणकात नेणारा डबा) ५,०००, बंद कपांचा हेडफोन १,८००, तारांचा एक संच ५५०, केबलसाठी वायर आणि दोन जॅक ४२०, तांब्याची चिकटपट्टी ३००. झाले ८,०७० रुपये. सोल्डरिंग आयर्न आणि मल्टीमीटर माझ्याकडे कामामुळे होतेच. तुमच्याकडे नसतील तर ओळखीच्या कुणाकडून एका रविवारपुरते मागून आणा.

आता तारांपासून सुरुवात. जुन्या तारांची चमक जाते, म्हणजे दिसायची आणि ऐकू यायचीही. वरचे सूर मेलेले असतात आणि आपण संगणकावर बसून ट्रेबल वाढवत राहतो. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी नव्या तारा चढवा, हाताने हळूहळू ओढून ताणा, पुन्हा सुरात लावा, रात्रभर तशाच राहू द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात तारा लवकर गंजतात, म्हणून वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार खालूनसुद्धा पुसायची. थंडीतली अडचण वेगळी. डिसेंबर-जानेवारीत खोली गार असते, तारा आकसून ताणलेल्या असतात. तशाच सुरात लावल्या तर हाताच्या उबेने दहा मिनिटांत उतरतात. म्हणून आधी दहा मिनिटं वाजवा, मगच ट्यूनर लावा, आणि दर टेकआधी, म्हणजे दर वेळी रेकॉर्ड करायच्या आधी, पुन्हा बघा.

सूर बरोबर लावूनही वरच्या फ्रेटवर कॉर्ड बेसूर वाटते का? मग हे करा. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, नंतर तीच तार त्याच फ्रेटवर दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सूर एकच दिसले पाहिजेत. दाबलेला सूर चढा निघाला तर ब्रिजवरचं त्या तारेचं सॅडल मागे घ्या, उतरा निघाला तर पुढे आणा. साधा स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. सहा तारांना अर्धा तास लागतो, आणि तेवढ्यात सात हजारांची गिटार रेकॉर्डिंगमध्ये बरीच महाग वाटायला लागते.

गिटार लॅपटॉपच्या माइकच्या भोकात कनव्हर्टर लावून घालू नका. मीही आधी तेच केलं होतं, आवाज गोधडीखालून आल्यासारखा येत होता. पिकअप म्हणजे केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. त्यातून निघणारा सिग्नल कमजोर असतो आणि त्याला समोर साधारण दहा लाख ओहमचा, म्हणजे एक मेगाओहमचा इनपुट लागतो. त्याहून फार कमी ओहमला जोडला की सिग्नल दबतो आणि वरचे सूर सगळ्यांत आधी जातात. इलेक्ट्रिकची कामं करणाऱ्यांना हे लगेच कळेल: कमजोर व्होल्टेज मल्टीमीटरवर दिसतं, पण टेस्ट लॅम्प लावला की बसतं. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ लिहिलेलं बटण असतं, ते दाबलं की हा मोठ्या ओहमचा इनपुट चालू होतो. ते दाबायला विसरू नका. वापरलेला इंटरफेस घेताना विकणाऱ्याच्या घरी गिटार घेऊन जा, हे बटण दाबून वाजवून बघा, जॅक हलवून खरखर येते का ते ऐका, आणि २४ बिटवर रेकॉर्ड होतं का तेही तपासा.

केबल मी स्वतः बनवतो आणि तुम्हीही बनवा असं मनापासून सांगेन. तीन मीटर पुरे. केबल जितकी लांब, तितका तिचा कपॅसिटन्स जास्त, आणि तो वरचे सूर खातो. गिटारसाठीची शिल्डेड वायर मीटरवर मिळते. ती सोलताना एक गोष्ट नीट बघा. बाहेरची तांब्याची जाळी बाजूला केली की आत मधल्या वायरच्या आवरणावर बऱ्याचदा काळ्या मऊ प्लास्टिकचा आणखी एक पातळ थर असतो. तो साध्या इन्सुलेशनसारखा दिसतो, पण त्यातून करंट जातो. तो मधल्या वायरपासून तीन-चार मिलिमीटर मागे सोलला नाही तर सिग्नल जाळीत गळतो. माझी पहिली केबल याच कारणाने मंद वाजत होती. दोन दिवस मी गिटारला दोष देत होतो.

सोल्डर मारताना आधी जॅकची पत्री तापवा, मग तापलेल्या पत्रीला सोल्डर टेकवा. आयर्नच्या टोकावर थेंब वितळवून तो वरून सोडू नका. शिशाचं साठ-चाळीसचं सोल्डर नीट बसलं की पाण्यासारखं पसरतं आणि थंड झाल्यावर चमकतं. मळकट, दाणेदार दिसलं तर जोड कच्चा आहे. आज वाजेल, आठवड्याने टेकच्या मधोमध खर्र करेल. मधली वायर जॅकच्या टोकाला, जाळी बुंध्याला. शेवटी मल्टीमीटरने टोक ते टोक बीप, बुंधा ते बुंधा बीप, आणि टोक ते बुंधा शांतता. एवढं तपासल्याशिवाय जॅकचं झाकण लावू नका.

यानंतर गुणगुण. घरच्या रेकॉर्डिंगमधली सगळ्यांत मोठी अडचण हीच आहे, आणि लोक हिच्यावरच सगळ्यांत कमी वेळ घालवतात.

पहिल्या संध्याकाळी मी इंटरफेस जोडला, हेडफोन घातला, गेन (येणारा सिग्नल मोठा करायचा नॉब) वाढवला आणि कानात घूंऽऽ असा जाड आवाज भरला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सिंगल कॉइल पिकअप हा अँटेनासारखा खोलीतली सगळी वीज पकडतो. मी कामावर फॉल्ट शोधतो त्याच पद्धतीने लागलो: एका वेळी एकच गोष्ट बंद करायची आणि ऐकायचं. आधी ट्यूबलाइट बंद केली, घूं थोडं कमी झालं. मोबाइलचा चार्जर काढला, एक बारीक शिट्टी गेली. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला, गुणगुण निम्म्यावर आली. तरी एक तिखट, माशीसारखी भणभण शिल्लक होती. पंखा तीनवर होता. तो पाचवर केला तशी भणभण कमी झाली, बटण बंद केल्यावर पूर्ण थांबली. दोष रेग्युलेटरचा होता. गोल फिरवायचे बरेच इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वेग कमी करण्यासाठी विजेची लहर कापतात, आणि तो कापल्याचा आवाज पिकअपमध्ये येतो. त्या दिवसापासून टेक घेताना पंखा बंद. एप्रिल-मे महिन्यांत सोपं जात नाही, पण टेक तीन-चार मिनिटांचाच असतो.

मग मी खुर्चीवर बसून गिटार मांडीवर धरून हळूहळू गोल फिरलो. खिडकीकडे तोंड केलं तेव्हा उरलेली गुणगुण जवळजवळ नाहीशी झाली, आणखी थोडं वळलं की परत आली. पिकअपला दिशा असते. फरशीवर त्या जागी मी चिकटपट्टीची फुली मारली. आजही तिथेच, त्याच तोंडाने बसतो. स्ट्रॅट घाटाच्या गिटारमधला मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर दोन पिकअप एकमेकांची गुणगुण मारतात. हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, असेल तर हे काम आधीच झालेलं असतं, त्यासाठीच तो बनवला आहे.

तांब्याची चिकटपट्टी गिटारच्या आतल्या खाचेत लावायची, सगळ्या पट्ट्या एकमेकींना आणि जॅकच्या बुंध्याला जोडायच्या. तिने भणभण बरीच कमी होते. पण अडाप्टरच्या किंवा इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरमधून येणारी जाड घूं तिने थांबत नाही. त्यासाठी लांब बसणं हाच उपाय. आमचा इन्व्हर्टर जिन्याखाली आहे, म्हणून खालच्या खोलीत मी कधी रेकॉर्ड करत नाही.

तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर घाबरू नका. ग्राउंड तारांपर्यंत पोहोचलंय, इतकाच त्याचा अर्थ. हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर जॅकची वायरिंग उलटी आहे का ते बघा. आणि तारांना हात लावून झिणझिण्या येत असतील, बारीकशासुद्धा, तर तिथेच थांबा आणि सगळं काढा. आमच्या वरच्या खोलीच्या बोर्डात अर्थची वायर पोहोचलीच नव्हती. तिसरं भोक नुसतं दिसायला होतं. सॉकेटमध्ये फेज ते अर्थ २३०च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट दिसले पाहिजेत. स्वतःला सवय नसेल तर हे मोजायला वायरमनला बोलवा, दोनशे रुपये गेले तरी चालतील. आवाज कमी होतो म्हणून प्लगची अर्थची पिन कुणी काढायला सांगितली तर ऐकू नका. त्याने माणसं मेली आहेत.

इथपर्यंत आलात की अवघड भाग संपला. लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाका. तो ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतो, नंतर वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला आहे. मी तो दिवाळीच्या बोनसमधून घेतला. इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर टाका, त्याने आवाज कमी उशिराने येतो. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. गेन लावताना गाण्यात जितक्या जोरात वाजवाल त्याहून जोरात सहाही तारा मारा, आणि मीटर उणे १२ डीबीच्या आसपास थांबेल असा नॉब ठेवा. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, काठोकाठ भरायची गरज नाही. एकदा लाल दिवा लागून सिग्नल फाटला की तो शिवता येत नाही.

तार छेडल्यावर आवाज उशिरा येतोय असं वाटलं तर बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी जितका आवाज साठवून पुढे पाठवतो तो, कमी करा. १२८ सॅम्पलचा बफर ४८ किलोहर्ट्झला अडीच-पावणेतीन मिलिसेकंदांचा होतो. जाता-येता धरून आणि इंटरफेसचा स्वतःचा वेळ मिळवून तो वाढतो, तरी हाताला चालतो. अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभं राहिलं तरी आवाज कानात पोहोचायला जवळजवळ नऊ मिलिसेकंद लागतातच. जुना लॅपटॉप १२८वर तडतड करत असेल तर ब्राउझर बंद करा, वाय-फाय बंद करा, मग २५६ करून बघा. मिक्सिंगच्या वेळी तो १,०२४ केला तरी बिघडत नाही.

आता ‘कुठलं सॉफ्टवेअर’ याचं उत्तर. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे प्लगइन फुकट आहे, आणि लोकांनी आपापल्या खऱ्या अ‍ॅम्पवरून बनवलेली मॉडेल त्यात घालता येतात. पण अ‍ॅम्पच्या नंतर कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) आयआर लागतो, हे पोरं हमखास विसरतात. गिटारचा स्पीकर पाच किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडत नाही. तो स्पीकर मध्ये नसेल तर डिस्टॉर्शन डास कानापाशी फिरल्यासारखं ऐकू येतं. आयआर म्हणजे एका स्पीकरचा, एका माइकचा, एका जागेचा ठसा. चांगले आयआर फुकट मिळतात. दहा डाउनलोड करा, एकच रिफ सगळ्यांतून ऐका, दोन ठेवा आणि बाकीचे काढून टाका. माझ्याकडे एकदा चारशे झाले होते. त्या महिन्यात माझं एकही गाणं पुरं झालं नाही.

प्लगइन फक्त ऐकण्यासाठी लावा, रेकॉर्ड मात्र कोरा सिग्नल करा. उद्या अ‍ॅम्प बदलावासा वाटला तर वाजवलेलं तसंच राहतं. आणि गेन तुम्हाला आवडतो त्याहून थोडा कमी ठेवा. एकट्याने ऐकताना कमी वाटतो, पण दोन गिटार एकावर एक आल्या की तोच जाड होतो.

दोन गिटारचं म्हणाल तर, एकच टेक कॉपी करून डावी-उजवीकडे टाकला तर नुसता आवाज वाढतो, रुंदी येत नाही. तोच भाग पुन्हा वाजवावा लागतो. दोन वेळच्या वाजवण्यात हाताचा जो बारीक फरक पडतो, त्यातूनच रुंदी येते. दुसऱ्या टेकला पिकअप बदला किंवा जाड पिक घ्या. क्लिक, म्हणजे हेडफोनमधला तालाचा ठोका, लावूनच वाजवा. आधी क्लिकबरोबर नुसतं मांडीवर थाप मारून ताल पक्का करा, मग गिटार उचला.

थेट रेकॉर्डिंगचा नाशिकमध्ये एक मोठा फायदा आहे. खोलीतला आवाज त्यात येत नाही. सकाळी घंटागाडी, दुपारी ओझरहून उडालेलं सुखोई, रात्री लग्नाची वरात, काहीही असू दे, टेक स्वच्छ राहतो. फक्त गणपतीच्या आधीच्या महिन्यात अडचण येते. ढोलपथकाचा सराव सुरू झाला की नाशिक ढोलचा ठोका बंद हेडफोनमधूनही छातीत पोहोचतो, आणि आपला हात क्लिक सोडून त्या तालात जातो. हे मी माझ्याच टेकमध्ये मोजून पाहिलंय. त्या दिवसांत मी ताल महत्त्वाचा असलेलं काही रेकॉर्ड करत नाही. तारा बदलणं, केबल तपासणं, जुन्या गाण्यांचं मिक्सिंग त्या महिन्यासाठी ठेवतो.

कुणाकडे छोटा दहा वॉटचा अ‍ॅम्प असेल आणि माइक लावायची हौस असेल तर थोडक्यात. डायनॅमिक माइक घ्या. शुअरचा एसएम ५७ हा १९६५पासून याच कामाला वापरला जातो, उसना मिळाला तर उत्तमच. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा, फरशीवर ठेवला तर खालचे सूर घुमतात. मागे आणि बाजूंना गोधड्या टाका. आजीने जुन्या नऊवारींच्या शिवलेल्या जाड गोधड्यांइतकं चांगलं काम मी दुसऱ्या कशाचं पाहिलं नाही. अंड्यांचे ट्रे लावू नका, त्यांनी काही होत नाही. जाळीवर टॉर्च मारा, आतला कोन दिसतो. मधली गोल टोपी जिथे कोनाला मिळते त्या रेषेवर, जाळीपासून दोन बोटं अंतरावर माइक धरा. मध्याकडे सरकवला की आवाज तिखट होतो, कडेकडे नेला की मऊ. एकेका बोटाने सरकवत ऐका. ईक्यूचा (वरचे-खालचे सूर कमी-जास्त करायचा) नॉब फिरवण्यापेक्षा हे बोटभर सरकवणं जास्त काम करतं.

मिक्सिंगमध्ये मी फार काही करत नाही. सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर ८२ हर्ट्झचा असतो. त्याच्या खाली गिटारचं काहीच नसतं, म्हणून ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाकतो आणि ती जागा बेसला देतो. ३०० हर्ट्झच्या आसपास गढूळ वाटलं तर दोन-तीन डीबी कमी करतो. हेडफोनवर झालं की मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतो, मग भाऊजींच्या गाडीत. गाडीत गिटार ऐकूच आली नाही तर ती मधल्या सुरांत वाढवायची, ट्रेबलमध्ये नाही.

टेक संपल्यावर लगेच स्टॉप दाबू नका. शेवटची कॉर्ड पूर्ण विझू द्या, तारांवर हात ठेवू नका, खुर्ची हलवू नका, मनात आठ आकडे मोजा. नंतर फाइलला नाव द्या: गाणं, तारीख, टेकचा नंबर, पिकअप कुठला. कोरा सिग्नल वेगळा काढून पेन ड्राइव्हवर टाका, आणि तो पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता कपाटात ठेवा.